वृद्धांचा मित्र?

मित्र कोण आणि शत्रु कोण, हें ओळखण्यांत शहाण्यांचीहि कधीं कधीं फसगत होते. वैद्यकाच्या इतिहासांत न्युमोनियाविषयीं असेंच घडलें.

सर विल्यम ऑस्लर हे आपल्या काळचे अग्रगण्य वैद्य. १८९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं या रोगाला वार्धक्याचा वैरी म्हटलें; १८९८ च्या आवृत्तींत मात्र त्यालाच वृद्धांचा मित्र ठरविलें. वर्षानुवर्षें झिजत मरण्यापेक्षां चार दिवसांच्या तापांत सुटका झालेली बरी, असा त्यांतील भाव होता. खात्रीचें औषध नव्हतें, तेव्हां तो पुष्कळांना पटलाहि.

पण हा मित्र खुद्द ऑस्लरांना भेटला, तेव्हां मित्रासारखा वागला नाहीं. १९१९ सालीं ऑक्सफर्ड येथें ते न्युमोनियानें अंथरुणास खिळले. फुफ्फुसाभोंवतीं पू झाला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि कित्येक आठवडे झुंजल्यावर २९ डिसेंबर रोजीं, वयाच्या ७० व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

त्याच ऑक्सफर्डमध्यें १९४१ सालीं फ्लोरी व त्यांचे सहकारी यांनीं पेनिसिलिनचा रुग्णांवर प्रयोग आरंभिला. जंतु मारण्याचें प्रभावी साधन हातीं आलें. पण औषधाचा गुण येईपर्यंत थकलेल्या छातीनें श्वास कसा घ्यावा, हा प्रश्न उरलाच.

त्याचें उत्तर एका निराळ्याच रोगानें दिलें. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडून रोगी गुदमरूं लागले. रुग्णालयांत श्वासयंत्रें मात्र सातच. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांच्या सल्ल्यानें बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेंत नळी बसविली, आणि रबरी पिशवी हातानें दाबून त्यांनीं तिच्या फुफ्फुसांत प्राणवायु भरला. मुलगी वांचली. पुढें सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें, रात्रंदिवस, अशा पिशव्या दाबीत बसले! १९५३ सालीं त्याच शहरांत इब्सेन यांनीं अतिदक्षता विभाग उभारला.

आज नव्वदी गांठलेल्या आजोबांनाहि श्वासयंत्र लावतां येतें. पण यंत्र बरें करीत नाहीं. तें फक्त अवधि मिळवून देतें. त्या अवधींत म्हातारे स्नायु झपाट्यानें गळतात, यंत्र सुटणें अवघड होतें, आणि वांचलेल्यांपैकींहि कित्येकांना पूर्वीचें हिंडतें-फिरतें जीवन लाभत नाहीं. उलट कांहीं आजीआजोबा खरोखरच बरे होऊन घरीं परततात. नुसता वयाचा आंकडा याचा निवाडा करूं शकत नाहीं. दुखण्यापूर्वीं अंगांत किती त्राण होतें, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

मग मित्र कीं शत्रु? तें ऑस्लरांनीं ठरवावयाचें नाहीं, यंत्रानें नाहीं आणि नातलगांनीं तर घाबऱ्या घाबऱ्या मुळींच नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांना त्यांची इच्छा आजच, शांतपणें बसून, विचारावी. घशांत नळी गेल्यावर त्यांना बोलतां येणार नाहीं.