घोड्याच्या केसाइतकी चूक

वर्तुळाचा परीघ काढताना ‘पाय’ची किंमत किती अंकांपर्यंत घ्यावी? वर्गात बहुधा ‘२२/७ घ्या’ एवढेच सांगितले जाते. इ.स. १४२४ मध्ये समरकंद येथील एका गणितज्ञाने या प्रश्नाचे उत्तर आकडेमोड सुरू करण्यापूर्वीच ठरवले होते. त्याचे नाव घियासुद्दीन जमशीद अल-काशी.

तो इराणमधल्या काशान गावचा. २ जून १४०६ रोजी त्याने तेथून चंद्रग्रहणाचे निरीक्षण केल्याची नोंद आहे. पुढे तैमूरचा नातू उलुघ बेग याने समरकंदला विद्वानांचा मेळा जमवला, त्यात अल-काशी अग्रगण्य होता. १४२९ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले.

परिघावरील ग्रंथात त्याने स्वतःला अशी अट घातली : पृथ्वीच्या व्यासाच्या ६,००,००० पट व्यास असलेल्या वर्तुळाच्या परिघातही घोड्याच्या केसाच्या जाडीएवढी चूक होता कामा नये. आजच्या मापाने हा व्यास सुमारे ७६० कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५० पट भरतो. येथे २२/७ वापरले तर परीघ ९० लाख किलोमीटरांहून अधिक चुकेल!

पद्धत आर्किमिडीजचीच होती. वर्तुळाच्या आत आणि बाहेर बहुभुज काढायचे व त्यांच्या बाजू दुप्पट करत जायचे. परीघ या दोन परिमितींच्या मध्ये सापडतो. आतल्या बहुभुजाचे गणित विद्यार्थ्यांनाही करता येईल. त्रिज्या १ माना. १ या संख्येत २ मिळवून वर्गमूळ काढा; आलेल्या उत्तरात पुन्हा २ मिळवून वर्गमूळ काढा, असे करत राहा. कोठेही थांबून उत्तराचा वर्ग ४ मधून वजा केला, की बाकीचे वर्गमूळ म्हणजे बहुभुजाची एक बाजू. पहिल्या पायरीला षट्कोन मिळतो, बाजू १. दुसऱ्या पायरीला १२ बाजू, प्रत्येकी ०.५१७६, परिमितीची निम्मी ३.१०६. ही ‘पाय’ची पहिली चाहूल.

आर्किमिडीज ९६ बाजूंवर थांबला होता. अल-काशीने हिशेब केला, की आपल्या अटीसाठी त्रिकोणापासून २८ वेळा दुप्पट करावे लागेल. म्हणजे ८०,५३,०६,३६८ बाजू! वर्गमुळे किती स्थळांपर्यंत काढायची हेही त्याने आधीच ठरवले, आणि याला महत्त्व आहे. बाजू वाढतात तसतसा तो वर्ग ४ च्या इतका जवळ जातो, की वजाबाकीत बहुतेक अंक नाहीसे होतात. दहा अंकी गणकयंत्रावर करून पाहा. सुरुवातीला सुधारणारे उत्तर पुढे बिघडू लागते.

खगोलज्ञांच्या षष्टिमान पद्धतीत आलेले उत्तर त्याने दशमान अपूर्णांकांतही मांडले. परीघ भागिले त्रिज्या = ६.२८३१८५३०७१७९५८६५. हे सोळाही दशांश बरोबर आहेत. १५९६ मध्ये लुडोल्फ फान क्यूलेनने ‘पाय’चे २० दशांश प्रसिद्ध केले, तोवर सुमारे १७० वर्षे याहून अचूक किंमत कोणी दिली नव्हती.

आपले विद्यार्थी गणकयंत्रावर दिसतील तेवढे सर्व अंक वहीत उतरवतात. ३ मीटर व्यासाची विहीर टेपने सेंटिमीटरपर्यंतच मोजली असेल, तर मापातल्या चुकीमुळे परीघ सुमारे ३ सेंटिमीटर चुकू शकतो. २२/७ मुळे होणारी चूक अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी. तेथे २२/७ पुरेसे आहे. मात्र ते पुरेसे का, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. उदाहरण सोडवण्यापूर्वी ‘किती चूक चालेल?’ हा प्रश्न फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?