खानदेशी धाबं
इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने 1819नंतर धुळ्यात सरळ गल्ल्या आखल्या, पण घरांवर छप्पर राहिलं ते खानदेशी धाब्याचंच. सागवानी तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, सर्वांत वर खारी माती. ही माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. मृगाआधी आजी मला टोपलं घेऊन वर चढवायची. भेगा बुजवायच्या, पायाने दाबायच्या. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांवर गेला तरी खालची खोली गार, कारण दुपारची धग मातीतून झिरपेपर्यंत रात्र व्हायची. तोवर आम्ही धाब्यावर, उघड्यावर झोपलेलो. पुढे स्लॅब आले. गळती थांबली, बायांचे कष्ट वाचले, हे मोठंच सुख. पण स्लॅब रात्रभर तापलेला राहतो, आणि एसीची गरम हवा गल्लीतच येते. जुनी धाबी पाडलेली पाहून जीव तुटतो. निदान आमचा स्लॅब कमी तापावा म्हणून मी त्यावर दर फाल्गुनात चुना मारून घेतो.