विकत घेतलेला पडदा

मुंबईस दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. दूरदर्शनवर जाहिरात आली ती १९७६ सालीं. तिनें कार्यक्रमांच्या खर्चास हातभार लावावा व आम्हीं ती सोसावी, असा तो सरळ व्यवहार होता. पुढें केबलच्या नियमांनीं तिला तासास १२ मिनिटांची मर्यादाही घातली. परंतु ही मर्यादा कार्यक्रमापुरती. भाईंदरास आमच्या घरीं आलेला स्मार्ट टीव्ही लावतांच, कार्यक्रम निवडण्यापूर्वींच, पडद्यावर जाहिरात उभी! संचाचे पैसे आम्हीं पुरते मोजले. मग त्याचा दर्शनी भाग विकण्याचा अधिकार कारखानदारास कोणीं दिला? आरंभींच्या अटींस आम्हींच न वाचतां ‘मान्य’ म्हटलें, हें कबूल. अखेर आम्हीं संचाचें इंटरनेट तोडलें. जाहिराती थांबल्या, पण मातोश्रींचें सायंकाळचें कीर्तनही त्याच वाटेनें येत होतें.