प्रकल्प निविदेमुळे रखडत नाहीत

जागतिक बँकेच्या किंवा आशियाई विकास बँकेच्या पैशावर चाललेला प्रकल्प रखडला, की दोष कोणाचा हे जणू आधीच ठरलेले असते: खरेदीच्या नियमांचा. पूर्वपक्ष असा मांडतात. निविदेचा मसुदा बँकेकडे जातो, तिची ना हरकत यायला आठवडे लागतात, एखाद्या बोलीदाराने तक्रार केली की छाननी पुन्हा होते, आणि तोवर पावसाळा येतो व दर वाढतात. तेव्हा नियम सैल करा, अधिकार खाली द्या, कामे धावू लागतील.

आठवडे जातात, हे खरे आहे. पण प्रकल्पांची वर्षे जातात, आणि वर्षांचा हिशेब आठवड्यांनी लागत नाही. जागा कोणाच्या ताब्यात आहे, आराखडा पक्का आहे का, खोदकाम किती, या प्रश्नांची लेखी उत्तरे पहिल्यांदा निविदेतच द्यावी लागतात. तोपर्यंत ती सगळ्यांनी टाळलेली असतात. उत्तर नसले की फाईल अडते, ती खरेदी विभागाच्या टेबलावर अडलेली दिसते, आणि बोल त्या टेबलाला लागतो.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला जागतिक बँकेने 2002 मध्ये मंजुरी दिली. त्यातल्या सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याचे काम 2003 मध्ये सुरू झाले, म्हणजे निविदा होऊन कंत्राटदार कामालाही लागला होता. जेमतेम साडेसहा किलोमीटरचा हा रस्ता वाहतुकीला खुला झाला एप्रिल 2014 मध्ये. अकरा वर्षे लागण्याचे मोठे कारण रस्त्याच्या वाटेवर राहणारी आणि धंदा करणारी माणसे कुठे जाणार, याचे उत्तर आधी शोधलेले नसणे, हे होते. संपूर्ण प्रकल्पात लाखाच्या वर माणसे हलवायची होती. कुटुंबाला 225 चौरस फुटांचे घर हे सूत्र राहत्या घरापुरते कसेबसे चालले. पण रस्त्याच्या तोंडाशी असलेले दुकान दूरच्या वसाहतीत नेले तर गिऱ्हाईक कुठून येणार? कुर्ल्याच्या दुकानदारांनी 2004 मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे हीच तक्रार नेली. मंडळाने पूर्वतयारीवर ठपका ठेवला. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला आणि जूनअखेर तो पुन्हा सुरू केला. पैसा थांबवला म्हणून काम खोळंबले, असे कोणी म्हणेल. पण तो चार महिन्यांचा खंड होता. उरलेल्या दहा वर्षांचे काय? कंत्राट हातात होते, जागा नव्हती. निविदेचा एखादा नियम वगळून ती मिळणार होती का?

यावर प्रतिपक्षाचे सर्वांत वजनदार प्रमाण बांगलादेशातले आहे, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पद्मा नदीवरच्या पुलासाठीचे 120 कोटी डॉलरचे कर्ज बँकेने भ्रष्टाचाराच्या संशयावरून 2012 मध्ये रद्द केले. त्या प्रकरणातले आरोपी 2017 मध्ये कॅनडाच्या न्यायालयात निर्दोष सुटले. बांगलादेशाने स्वतःच्या पैशाने पूल उभारला आणि 25 जून 2022 रोजी तो खुला केला. बांगलादेशाला याचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. बँकेने घाई केली असेही म्हणता येईल. पण खरेदीचे नियम प्रकल्प मारतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. बँक निघून गेल्यावर तिचे नियमही गेले. तरी 2018 मध्ये संपेल अशी अपेक्षा असलेले काम चार वर्षे लांबले. कोविडने काही काळ खाल्ला. पण त्याआधीच नदीच्या तळाखाली चिकणमातीचे थर लागले आणि कित्येक खांबांच्या पायांचे आराखडे नव्याने करावे लागले. त्या थरांना पैसा कोणाचा, हे ठाऊक नव्हते.

नियमांत बदलण्यासारखे काहीच नाही, असा माझा आग्रह नाही. सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत चांगली बोली, हा हट्ट चुकीचाच होता. बँकेने 2016 च्या नव्या चौकटीत तो सैल केला आणि सप्टेंबर 2023 पासून बहुतेक आंतरराष्ट्रीय निविदांत गुणवत्तेला गुण देणे सक्तीचे केले. भारताच्या अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर 2021 मध्ये बांधकामांसाठी गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. मात्र या सुधारणांनी खरेदी अधिकाऱ्याचे काम हलके केले नाही. दरांची तुलना करून सही करणे सोपे होते. दोन आराखड्यांपैकी कोणता वीस वर्षे टिकेल, हे ठरवून लेखी कारण देणे अवघड आहे, आणि त्याला जाणती माणसे लागतात.

निविदेनंतर काय होते, याकडे तर या वादात कोणी बघतच नाही. बँकेने जानेवारी 2008 मध्ये भारतातल्या 5 आरोग्य प्रकल्पांची सविस्तर छाननी जाहीर केली. ओरिसातल्या प्रकल्पाच्या 55 रुग्णालयांना तपासनीसांनी प्रत्यक्ष भेट दिली, तेव्हा 93 टक्के ठिकाणी दोष सापडले: अर्धवट राहिलेली कामे, गळकी छपरे, निखळते छत, बुरशी धरलेल्या भिंती, न चालणारी पाण्याची आणि विजेची व्यवस्था. संगनमताने बोली लावल्याची चिन्हेही त्या छाननीत आढळली. नियम ढिले केले असते तर त्या टोळक्यांना रान मोकळेच मिळाले असते. पण मला अधिक अस्वस्थ करते ती गोष्ट दुसरीच आहे. त्यातल्या काही इमारती समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचे दाखलेही दिले गेले होते. ओरिसातल्या धुवाधार पावसात, त्या गळत्या छपराखाली, बाळंतिणी आणि तापाने फणफणलेली लेकरे निजणार होती. निविदा तर कधीच संपलेली होती. दाखल्यावर सही करण्याआधी एका अभियंत्याने तिथे जाऊन मान वर करून बघायचे राहिले होते.