मदतीची कळ

गोंदियाच्या विडी कामगाराला हिशेब समजून घ्यायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. पण वाचता येईल, त्याच्याच हाती कायदा येतो. संगणकाचेही तेच. पूर्वी त्याची माहिती जाडजूड छापील पुस्तकांत असे. १९८७ साली आयबीएमने मदतीसाठी एफ-१ ही कळ नेमली. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये मदतीची पाने पडद्यावरच उघडू लागली. अडलेल्याने कोणाची मिनतवारी न करता विचारावे, हा केवढा मोठा विचार! युनियनच्या कचेरीत आम्ही ती कळ दाबली. उत्तर आले, ते इंग्रजीत. शब्दकोश घेऊन लावले. ज्ञान दाराशी आले आहे. त्याला मराठीत घरात घेणे आपल्याकडे आहे.