वर्णांचा अनुप्रास, वर्णाचा निर्देश

इंग्रजीतील अनुप्रासयुक्त टोपणनावे परभाषिक वाचकाला बहुधा निव्वळ शब्दक्रीडा वाटतात. दोन्ही पदांचे अर्थ शब्दकोशात सापडतात, आद्यवर्णाची आवृत्ती कानाला जाणवते आणि आकलन पूर्ण झाले असे तो मानतो. अशा नावांतील पदांची निवड मात्र सामाजिक इतिहासाने घडवलेली असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन मुष्टियुद्धविषयक पत्रकारिता या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

१९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट जगज्जेता असलेला जॅक डेम्प्सी 'मनॅसा मॉलर' या नावाने ओळखला जाई. मनॅसा हे कोलोरॅडो राज्यातील त्याचे जन्मगाव. मॉलर म्हणजे झोडपून काढणारा. पुढे १९३४ मध्ये व्यावसायिक मुष्टियोद्धा झालेल्या जो लुईसाठी वृत्तपत्रांनी जी अनेक नावे घडवली, त्यांत 'महॉगनी मॉलर' हे एक होते. उत्तरपद तेच, आवृत्त होणारा वर्णही तोच. पूर्वपदाच्या जागी मात्र गाव जाऊन तांबूस-तपकिरी लाकूड आले. गोऱ्या योद्ध्याची ओळख जन्मस्थळाने झाली, काळ्याची कातडीच्या रंगाने. 'चॉकलेट चॉपर' आणि अखेर रूढ झालेले 'ब्राऊन बॉम्बर' यांची घडणही अशीच आहे.

मराठीत 'वर्ण' हा शब्द अक्षरध्वनी आणि अंगकांती या दोहोंचा वाचक आहे. या नावांत पहिल्या अर्थाच्या वर्णाची आवृत्ती दुसऱ्या अर्थाच्या वर्णाचा निर्देश सुसह्य करते. रंगवाचक पद जणू केवळ नादाच्या गरजेपोटी आले, असा आभास निर्माण होतो आणि वर्णभेदाची दृष्टी अलंकाराआड सुरक्षित राहते.

तथापि नावाचा अर्थ ते देणाऱ्याच्या हेतूशी कायमचा बांधलेला नसतो. लुईने १९३७ मध्ये जगज्जेतेपद मिळवले आणि १९३८ मध्ये जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत पराभूत केले. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या तोंडी 'ब्राऊन बॉम्बर' हे अभिमानाचे नाव झाले. शब्द तेच राहिले. उच्चारणारा बदलला आणि त्याबरोबर सूचितार्थही पालटला.

म्हणून अशा नावाचे वाचन करताना अनुप्रास ओळखणे ही केवळ पहिली पायरी ठरते. नावातील त्या जागी दुसरे कोणते पद येऊ शकले असते आणि ते कोणाच्या वाट्याला आले, हे विचारल्यावाचून परभाषेतील विनोद कळला असे म्हणता येणार नाही.