हातांनी राखलेली ओल

दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा यांच्यामधला सखल पट्टा मुळात भरतीच्या पाण्याचा. बांध घालून, उघाड्या म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे बसवून माणसांनी त्याची खारजमीन आणि मिठागरे केली. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य कुणाचेही असो, उधाणाने बांध फुटला की खांड बुजवावीच लागे. मिठागराची रीत पाहा: उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, उन्हात दाट होऊ द्यायचे, मग तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांत सोडून धरलेले मीठ कडेला ओढायचे. पावसाळ्यात मीठ थांबते आणि त्याच मोकळ्या वाफ्यांत पावसाचे पाणी पसरते.

नेमका हा पट्टा माणसाने घडवलेला आहे म्हणून त्याला पाणथळ जागेचे संरक्षण नाही. पाणथळ जागांच्या २०१७च्या नियमांनी भातशेती आणि मिठासाठी केलेल्या रचना व्याख्येतूनच वगळल्या. खऱ्या निसर्गासाठी कायदा हवा, धंद्याच्या जागेसाठी कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटत नाही. इंग्लंडमधली नॉरफोकची ‘ब्रॉड्‌स’ ही तळी नैसर्गिक समजली जात. १९५०च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट यांच्या संशोधनातून दिसले, की मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेला पालापाचोळा, खणून काढला आणि त्या खड्ड्यांत पुढे पाणी भरले. तरी १९८८मध्ये ब्रिटनने त्यांच्यासाठी खास कायदा केला. अशा दलदलीच्या काठाने धावत किडे टिपणारे भुंगेरे ओलाव्याला बांधलेले असतात. पाणी खाली गेले की ते नाहीसे होतात. खड्डा कुणी खणला, याने त्यांच्या जगण्यात काही फरक पडत नाही. वसईच्या बांधांवरल्या चिंबोऱ्यांचे आणि चिखलातल्या निवट्यांचेही तेच.

वाढत्या शहराला घरे हवीत, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. विरार-नालासोपाऱ्यात राहणाऱ्या कष्टकऱ्यांना तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण जुलै २०१८मध्ये तिथले रूळ पाण्याखाली जाऊन लोकल थांबल्या, तेव्हा हाल याच माणसांचे झाले. सखल जागेवर भराव घातला की तिथले पाणी शेजारच्या वस्तीत शिरते, आणि स्वस्त घराची किंमत दर पावसाळ्यात तिथल्या रहिवाशाला मोजावी लागते.

म्हणून नुसती जागा राखून भागणार नाही, बांधही राखावा लागेल. १९७९च्या खारजमीन विकास कायद्याने निदान शेतीच्या बांधांकडे सार्वजनिक काम म्हणून पाहिले. मिठागराचा बांध मात्र मीठ पिकवणाऱ्याच्या भरवशावर उभा असतो. त्याने काम सोडले की उघाडी मोडते, वाफे भरून येतात आणि ती जमीन पडीक म्हणून दाखवणे सोपे होते.